पहाटेची हजेरी

“दोन ओळी लिहून दे न वो बाई! माफी मांगल्यानं जीभ झडून राह्यली का तुही?” शेताच्या धुऱ्यावर बसल्या बसल्या आई करिष्मावर पुन्हा उखडली.

करिष्मा माझी धाकटी बहीण. विमानात प्रवाशांची देखभाल करते. मूलजवळच्या आमच्या गावातून विमानात चढलेली पहिली पोर, आणि हे आईने अख्ख्या बाजारात सांगून झालेलं. आता त्याच पोरीला कंपनीने घरी बसवलं होतं आणि आई धान रोवणाऱ्या बायांपुढे तोंड लपवत होती.

झालं काय, तर हैदराबादला करिष्मा पहाटेच विमानतळावर हजर झाली. गणवेश, तपासणी, सूचना, सगळं झालं आणि विमान बिघडलं. या पोरींना दिवसभर तिथेच खुर्च्यांवर बसवून ठेवलं. संध्याकाळी विमान दुरुस्त झालं, तर साहेब म्हणाला, तुमची ड्युटी दुपारपासून धरली आहे, चला! नियम असा की हजर झाल्यापासून तास मोजायचे, आणि ठरलेले तास भरले की उडायचं नाही. म्हणून यांनी हजेरीच पुढे सरकवली. पहाटे आलेली पोर दुपारी आली म्हणे! निलाजरेपणाला काही हद्द? करिष्मा म्हणाली, माझे डोळे मिटताहेत, आग लागली तर दार मला उघडायचं असतं, मी येणार नाही. तेव्हापासून साहेबाचा सारखा फोन. ‘माझी ड्युटी दुपारीच सुरू झाली होती, मी उगाच नकार दिला’ असं लिहून दे, मग कामावर घेतो.

“खोटं हाये न ते, आई,” करिष्मा म्हणाली.

“असू दे न खोटं! नौकरी त खरी हाये.”

तेवढ्यात बांधीचे, त्या धानाच्या शेताचे, मालक दादाजी भाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. दुपार कलली होती. चिखल करायला ट्रॅक्टरच नव्हता, म्हणून आम्ही बाया सकाळपासून धुऱ्यावर खोळंबलो होतो. उतरता उतरता ते म्हणाले, “सुगंधाबाई, आज अर्धाच रोज धरीन बरं. काम त आता सुरू होऊन राह्यलं.”

आई ताडकन उठली. आमच्याकडे बाया धुऱ्यावर आल्या की रोज लागतो. मग मालकाचं पाणी नसो की ट्रॅक्टर नसो. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी मोडतही नाही.

“काऊन भाऊ? सकाळपासून आमी इथी का तुमच्या धानाले हवा घालून राह्यलो होतो? तुमी बलावलं म्हून आलो, घरी लेकरं टाकून आलो. सकाळ आमची गेली, तुमची नाई! चला वो बायाहो, घरी.”

सगळ्या बायांनी बांधीकडे पाठ फिरवली. धानाच्या रोपांचे उपटलेले पऱ्हे उन्हात सुकत पडले होते आणि ते मालकालाही दिसत होतं.

“बरं बा, पुरा रोज,” दादाजी भाऊ पुटपुटले. “तुमच्या तोंडाले कोण लागन!”

बाया हसतच मागे फिरल्या. आई मात्र जागची हलली नाही. करिष्मा तिच्याकडे टक लावून बघत होती. आईला ती नजर सोसेना.

“नोको लिहू,” आई शेवटी म्हणाली. “त्या साहेबाले सांग, मी पहाटेच आली होती म्हणा.”

करिष्माने तेवढंच लिहून पाठवलं. आठवड्याच्या आत नोकरी गेल्याचं कळलं, वर गणवेश परत पाठवा म्हणून हुकूम. माझं डोकं असं फिरलं की मी गणवेशाचा बोळा करून पिशवीत कोंबला.

“दे इकडं, रंजीता.” आईने तो माझ्या हातातून हिसकावला. विहिरीवर नेऊन धुतला, वाळवला, शेजारच्या चंचलकडून इस्त्री मागून आणली. कॉलरवरची एक सुरकुती जाईना, तर पुन्हा पाणी शिंपडलं.

“पोरीनं काम नीट केलं तिथी,” ती म्हणाली. “कपडेबी नीटच जातीन.”

आत करिष्मा रडत होती. आई मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिली.