ट्रिकलचा श्वास

सकाळपासून मी एकच पातेलं घासत होते आणि माझं मलाच कळत नव्हतं. ब्रिस्बेनहून तपासणीच्या निकालाचा फोन यायचा होता. आमची घोडी ट्रिकल काल गेली. गेली म्हणजे आमच्या टेगननं इंजेक्शन देऊन तिला सोडवली. टेगन आमची मुलगी, इथे जिम्पीच्या आसपास घोड्यांची डॉक्टर आहे. ट्रिकलला धाप लागलेली, नाकातून फेस, पायांवर उभं राहवत नव्हतं. टेगननं गाडीतून उतरल्या उतरल्या गाऊन, मास्क, चष्मा चढवला तेव्हाच मी काय ते ओळखलं. हौदावरच्या अंजिराच्या झाडाला यंदा वटवाघळं लटकलेली, आणि मागच्या लशीनं तिची मान सुजली म्हणून क्लेमनं, माझ्या नवऱ्यानं, या खेपेची लस टाळलेली. हेंड्रा, वटवाघळांकडून घोड्याला आणि घोड्याकडून माणसाला होणारा जीवघेणा रोग; तो शब्द कुणी उच्चारला नाही, पण तिघांच्याही मनात तोच होता.

जेवणाआधी फोन आला. हेंड्राच. आरोग्य खात्याची डॉक्टरीण एकेकाला विचारत गेली, कोण घोडीच्या किती जवळ होतं. टेगन डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती, तिची फारशी काळजी नव्हती. मग क्लेमची पाळी. तो खुशाल म्हणाला, मी कुंपणापाशी होतो, मास्क लावून, तोंडाजवळ गेलोच नाही. बाई म्हणाली, मग रोज ताप बघा, घराबाहेर पडू नका. त्यानं फोन ठेवला आणि टोस्टला लोणी लावायला बसला.

माझं डोकंच फिरलं. कारण हा माणूस धडधडीत खोटं बोलत होता.

आमच्याकडे घोडा सोडवायचा असला की डॉक्टर सुई भरतो आणि पाठ फिरवतो. बॅगेत उगाच काहीतरी शोधत राहतो. माणूस आपल्या घोड्याशी शेवटचं काय बोलतो ते कुणी बघायचं नसतं. टेगननं बापाला मास्क लावायला लावला, लांबूनच निरोप घे म्हणाली, आणि सगळीकडे करते तशी पाठ फिरवली. पण स्वयंपाकघराची खिडकी त्या कुरणाकडेच उघडते. क्लेमनं मास्क हनुवटीखाली ओढला, ट्रिकलच्या नाकाला नाक लावलं आणि हलकेच फुंकलं. जन्मभर प्रत्येक घोड्याशी हा असाच बोलत आलाय. आपण फुंकायचं, घोडा उलट फुंकतो, झाली ओळख. ट्रिकलनंही फुंकलं, फेसासकट.

काल संध्याकाळीच मी त्याला हटकलं होतं. म्हणाला, तुझा चष्मा बदलायला झालाय, मी तिचं कपाळ पुसत होतो. मीही मनाची समजूत घातली, घोडीचं दुसरंच काही साधं दुखणं निघेल. पण नंतर तो कितीतरी वेळ मोरीत साबणानं तोंड घासत होता, ते मी ऐकलं होतं.

व्हरांड्यात टेगन एकटीच बसली होती. मी सहज विचारतेय असं दाखवत विचारलं, समज घोडीचा फेस कुणाच्या नाकात गेलाच असेल, तर? ती म्हणाली, या विषाणूच्या अंगावर चरबीचा अंगरखा असतो, घोडीच्याच पेशीतून निघताना पांघरलेला. म्हणून तर हातावरचा विषाणू साबणानं विरघळतो. नाकात कुठला साबण जायला? तिथे अंगरख्यावरचा एक आकडा आपल्या पेशीची कडी पकडतो. मग दुसरा आकडा मिटलेल्या चाकूसारखा उघडतो, पेशीत रुततो आणि उलटा दुमडून दोघांना जवळ ओढतो. पेशीची कातडीही चरबीचीच. रश्श्यावरचे तेलाचे दोन थेंब चिकटून एक होतात ना, तसं होतं. दार फोडायची गरजच नाही, विषाणूच्या पोटातला माल आपोआप पेशीत.

"औषध नाहीच का गं काही?"

"आहे. अजून चाचणीतलंच आहे, पण ब्रिस्बेनला देतात. ते पहिल्या आकड्याचा हातच धरून ठेवतं, कडी पकडू देत नाही. पण वेळेत द्यायला हवं. विषाणू पेशींमध्ये पसरला की ते औषध बाहेरच हात चोळत बसतं."

मला पुढचं काही ऐकू येईना. मी तशीच तबेल्यात गेले. क्लेम ट्रिकलचा लगाम पुसत बसला होता, आता तो कुणाला घालणार होता देव जाणे. मी म्हटलं, ऊठ, फोन कर आणि खरं सांग. तो मान वर करेना. मी ओरडले, हातातला लगाम हिसकावला, काय वाट्टेल ते बोलले. शेवटी तो म्हणाला, "टेगननं माझ्यासाठी पाठ फिरवली, ग्लेनिस. मी खरं सांगितलं तर पोर जन्मभर स्वतःला खात राहील."

"आणि तू मेलास तर काय नाचेल?"

"लागण झाली असेलच असं नाही."

त्या क्षणी मला त्याचा रागही आला आणि मायाही आली. हा बाबा स्वतःचा जीव टांगणीला लावून पोरीचं मन सांभाळत बसला होता. मी आणखी हुज्जत घातली नाही. व्हरांड्यात जाऊन टेगनला जे पाहिलं ते सगळं सांगून टाकलं, मास्क, नाक, फुंकर, सगळं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली. तबेल्याच्या दारात जाऊन तिनं डॉक्टरच्या आवाजात विचारलं, "बाबा, तिनं उलट फुंकलं?"

क्लेमनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विकून आले होते. मग होकारार्थी मान डोलावली. टेगननं तिथेच उभ्या उभ्या आरोग्य खात्याला फोन लावला. अँब्युलन्स येईपर्यंत मी अंगणात नुसत्या येरझारा घालत होते.

ब्रिस्बेनच्या इस्पितळात त्याला काचेपलीकडच्या खोलीत ठेवलं. औषधाची बाटली टांगली, नळी हाताला जोडली. आत नखशिखान्त झाकलेली नर्स, बाहेर आम्ही मायलेकी. पहिला थेंब नळीत उतरताना दिसला आणि मी काचेला हात टेकवला. वेळेत पोचलो की नाही ते कळायला अजून दिवस जायचे होते.

क्लेमनं आमच्याकडे पाहिलं. आणि हा माणूस, ज्यानं स्वतःच्या आईच्या मयतीलाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो रडायला लागला. नळीचा हात हलवता येईना, दुसऱ्या हातानं तोंड झाकायला लागला. माझंच धाडस होईना बघायचं, मी मान वळवली. त्यानं टेगनला हातानं खूण केली, तिकडे बघ, पाठ फिरव.

टेगन काचेला आणखी चिकटून उभी राहिली. "नाही फिरवणार, बाबा," ती म्हणाली. काचेतून त्याला ऐकू गेलं नसणार, पण त्यानं तोंडावरचा हात काढला.