झबलं

शबनूर आणि तिची धाकटी जाऊ जस्मीन एकाच आठवड्यात बाळंत झाल्या आणि दोघींच्या बाळांना कावीळही बरोबरच निघाली. इथवर अल्लाने न्याय सारखा केला. पुढचा घोळ माणसांचा.

जस्मीनचा नवरा हिंजवडीत नोकरीला, म्हणून ती बावधनच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथे निळ्या उजेडाची मऊ गादी बाळाच्या पाठीला लावत आणि वरून कपडे घालत. सासूने, चाँदबीने, दोन्ही नातवांना सारखीच झबली शिवली होती. जस्मीनचं पोर ते घालून आईच्या मांडीवर मिरवत होतं आणि त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर येत होते.

शबनूरचं बाळ पौडच्या दवाखान्यात, दिव्यांखाली, नुसत्या लंगोटावर. डोळ्यांना पट्टी. उजेड वाया जाऊ नये म्हणून मोनिका सिस्टरने सभोवती पांढऱ्या चादरी बांधल्या होत्या. चादरीवर पडलेला उजेड परत बाळाच्या उघड्या अंगावर येतो, त्यानेच कावीळ उतरते, असं ती सांगे. शबनूरला वाटे, गरिबाचं उघडं पोर झाकलंय.

चाँदबीचा मुक्काम बावधनला. फोनवर म्हणे, "जस्मीनचं पोर नवाबावानी दिसतंय बघ." शबनूरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग दूध पाजून झालं की ती आपल्या बाळालाही झबलं चढवी, टोपरं बांधी आणि फोटो काढी. बाळ उबेत झोपून जाई. काढायला तिचा जीव होत नसे. सिस्टरच्या चपला वाजल्या की घाईने उतरवी. चादरींआड कोण बघतंय?

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. कावीळ उतरायची ती चढली होती.

"पुण्याकडे हलवू," डॉक्टर म्हणाले. "आणखी वाढली तर रक्त बदलावं लागेल."

मोनिका बुचकळ्यात पडली. "दिवे नवे हायेत, चादरी हायेत. माझंच कायतरी चुकलं आसंल." ती चादरींच्या गाठी सोडायला लागली.

फोनच्या स्पीकरवर चाँदबी होती. "हितंच आणा गं त्याला. जस्मीनच्या शेजारची खोली मोकळी हाय."

शबनूरला गोड वाटलं. तीच गादी, तसंच बाळ मांडीवर. फक्त गप्प बसायचं. तेवढ्यात मोनिकाने बाळाच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. बुबुळांभोवती पांढरं कुठे उरलंच नव्हतं. आणि वाटेत चांदणी चौकाच्या गर्दीत गाडी अडकली, तर तेवढा वेळ त्याला उजेड कोण देणार?

"सिस्टर, गाठी सोडू नका. मी त्याला झबलं घालत हुते."

"कशापायी?"

"जस्मीनच्या पोराच्या अंगात हाय म्हणून."

फोन चालूच होता. पलीकडे चाँदबी ऐकत होती, जस्मीनही ऐकत असणार. डॉक्टरांनी शबनूरकडे रागाने पाहिलं, पण सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. मोनिकाने दुसरा दिवा खालून लावला आणि चादरी पुन्हा घट्ट बांधल्या.

सकाळी काविळीचा आकडा खाली आला. शबनूर भिंतीला टेकून पोटभर रडली. मग तोंड धुऊन तिने फोन उघडला. जस्मीनचं बाळ आज नव्या, जरीच्या टोपीत होतं.

बराच वेळ तिने तो फोटो पाहिला. मग पिशवीतलं झबलं काढून मोनिकाच्या हातात दिलं.

"घरी जाईस्तोवर तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "माझा भरवसा न्हाई."