ऐनावर टांगलेला मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझ्या बटणांवरचे आकडे पुसले गेले आहेत आणि पडदा एका कोपऱ्यात काळा पडला आहे. तरी त्या एका दुपारचा धक्का माझ्यातून पुसला गेलेला नाही. तोच सांगायला बसलो आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. जव्हारला असलमच्या दुकानात काचेमागे होतो, तिथपासून आठवतं. २००६ साली वांगणीकडच्या एका पाड्यावरच्या लक्ष्याने मला विकत घेतलं. तो ठाण्याला इमारतींच्या कामावर जायचा. मला त्याने बायकोकडे, पुष्पाकडे, ठेवलं आणि असलमच्या दुकानाचं कार्ड स्वतःच्या खिशात घातलं.

पाड्यावर रेंज एकाच जागी यायची, टेकडीच्या टोकावरच्या ऐनाच्या झाडापाशी. म्हणून दिवसभर मी तिथे बांबूच्या टोपलीत टांगलेला असायचो. घंटी वाजली की जवळच्या शेतातलं कुणीतरी धावत येई आणि खाली हाक मारी, "मालूऽऽ, तुझ्या भावाचा फोन!" कामाला गेलेली पाड्याची सगळी माणसं माझ्यातूनच बोलत. मी जरा फुशारलोही होतो, खोटं कशाला बोलू?

मग एके सकाळी तो मेसेज आला. पुष्पा सातवी शिकलेली. तिने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "लाल नंबरवरून फोन आला तर उचलू नका. उचलणारा रक्त ओकून मरतो. नऊ जणांना कळवा, नाहीतर घरातलं माणूस जाईल."

वाचणारी एक होती, भ्याला मात्र सगळा पाडा. गोदाने नातवाला पदराखाली ओढलं. तिला बघून मालू रडायला लागली, मालूला बघून बाकीच्या. मी मेसेज एकदाच दाखवला होता. पुढे भीती एकमेकांचे चेहरे बघूनच वाढत गेली. पुष्पाने भराभर अंगठा चालवून तो नऊ जणांना पाठवला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, आपली माणसं वाचावीत एवढंच होतं.

तीन दिवसांनी तोच मेसेज फिरून माझ्याकडे आला! शब्द तेच, खाली एक ओळ वाढलेली: "मोखाड्याला दोन बाया मेल्या." मी हादरलोच. आमचीच भीती गावोगाव हिंडून, चांगली धष्टपुष्ट होऊन परत आली होती. पाड्याला मात्र तो पुरावा वाटला.

आणि माझा पडदा बघा, हिरवट उजेडावर काळी अक्षरं. त्यात लाल रंग दिसणार कुठून? पुष्पाची सासू सुकरी म्हणाली, "आपल्याला लाल कसा कळंल? मंग कोनाचाच नको उचलू." सगळ्यांना ते पटलं! त्या दिवसापासून पुष्पा मला फडक्यात धरून झाडावर ठेवी आणि फडक्यातच घरी नेई. मला फार अपमान वाटला.

त्या दुपारी घंटी वाजली. नंबर अनोळखी होता. पुष्पा दहा पावलांवर उभी होती. तिने हात पुढे केला, तशी सुकरी ओरडली, "पुष्पे, हात नको लावू! पोर उघडा पडंल तुझा!" पुष्पाने हात मागे घेतला. मी अकरा वेळा वाजलो. मित्रांनो, वाजण्यापलीकडे मला काही येत नाही हो.

दुसऱ्या दिवशी असलम जीप घेऊन आला. "भाभी, लक्ष्या कामावर वरून पडला. हॉस्पिटलात आहे. तुमच्याशी एकदा बोलायचं म्हणत होता. तुम्ही फोन उचलेनात, मग त्याच्या खिशातलं माझं कार्ड बघून लोकांनी मला कळवलं."

पुष्पा तशीच जीपमध्ये बसली. वाटभर तिने मला उघड्या हातात घट्ट धरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा लक्ष्याला जाऊन दोन तास झाले होते.

बारावं झाल्यावर ती मला घेऊन झाडापाशी आली. मेसेज खोटा आहे, हे तिला त्या नऊ जणांना सांगायचं होतं. तिने एकेक नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राही, कुणी उचलत नसे. जामसरची तिची आई, पोशी, तिनेही उचलला नाही. प्रत्येक घरात कुणीतरी दहा पावलांवर उभं असेल, हे मला कळत होतं आणि माझा जीव तुटत होता.

शेवटी पुष्पा मला कमरेला खोचून पायीच जामसरला गेली. दारातच म्हणाली, "आये, तो मेसेज खोटा हाय. फोनानं कोनी मरत नाही. फोन नाही उचलला म्हणून मला त्यांचा शेवटचा शब्द नाही मिळाला."

पोशीने लेकीला जवळ घेतलं, पण माझ्याकडे नजर जाताच ती दचकून मागे सरली. "खोटा कसा गं? तुझाच नवरा गेला ना!"

मित्रांनो, त्या माउलीला लक्ष्याचं जाणंही पुरावाच वाटला. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, भिववणारं काही हातात आलं की अंगठा थोडा थांबवा, हे कुणी डोळ्यांनी पाहिलं ते विचारा. आणि मी वाजलो, तर मला उचला.