इद्वलचा सातवा बाक

आमच्या पोर्थवेनमध्ये फिरायला निघालेला माणूस किनाऱ्यावरच्या रस्त्याच्या टोकाला जातो, तिथल्या लोखंडी कठड्याला लाथ मारतो आणि मागे फिरतो. का, ते कुणालाच ठाऊक नाही. मी एकाहत्तर वर्षं मारतेय. त्या सोमवारीही मारली, मागे फिरले, सातव्या बाकाशी आले आणि बसता बसता थांबले. बाकाच्या पाटीवर माझ्या गेलेल्या नवऱ्याचं, इद्वलचं, नाव नव्हतं. कुणी ऑल्वेन होती.

पुन्हा कठड्यापर्यंत गेले, तिथून पुन्हा बाक मोजले. सातव्यावर पुन्हा ऑल्वेनच. म्हातारपणी विसरायला अशीच सुरुवात होते म्हणतात. आज वार कोणता, नाश्त्याला काय खाल्लं, सगळं स्वतःला विचारून पाहिलं. सगळं आठवत होतं. फक्त नवरा सापडत नव्हता.

मग डोक्यात प्रकाश पडला. हिवाळ्यात लाटा रस्त्यावर गोटे फेकतात म्हणून नगरपालिकेची माणसं बाक काढून नेतात आणि ईस्टरच्या आधी परत बसवतात. यंदा ठोंब्यांनी हाताला येईल तो बाक येईल तिथे ठोकला होता.

इद्वल सापडला पार दुसऱ्या टोकाला, रस्ता वळतो तिथे. समुद्राकडे जवळजवळ पाठ आणि तोंड टेकडीकडे. पाटीवर मीच कोरून घेतलं होतं : ‘इद्वल प्रोबर्ट. याचा या समुद्रावर फार जीव होता.’ माझं डोकंच फिरलं.

गेथिन शेवटच्या बाकाचे बोल्ट आवळत होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, माझ्या शेजारच्याच गल्लीतला.

“गेथिन, डोळे विकलेस की काय? पाटी वाचता येत नाही?”

“मावशी, चाळीस बाक आहेत. वाचत बसलो तर नाताळ उजाडेल.” त्याने कपाळ पुसलं. “सांगा, आत्ता हलवतो. उद्या बुडाशी सिमेंट ओतणार. मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत हात लावता यायचा नाही.”

“हलव. जरा बसून घेते, मग हलव.”

बसले. समोर टेकडी चढणारी दोराची गाडी. एक डबा वर जाणारा, एक खाली येणारा, मध्यावर एकमेकांना ओलांडत होते. माझ्या सासऱ्यांच्या काळी ती पाण्याच्या वजनावर चालायची; वरच्या डब्यात पाणी भरलं की तो उतरायचा आणि खालचा वर ओढला जायचा. नंतर वीज आली, आणि इद्वलने ती एकतीस वर्षं चालवली. इथून अख्खा रूळ दिसत होता.

सातव्या जागेवरून मात्र मोठं हॉटेल आड येतं. तो निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी मीच त्याला तिथे नेऊन बसवायचे. माझं लॉज मागेच, पाहुण्यांवर लक्ष राहायचं. आणि तो आपला सारखी मान वाकडी करून हॉटेलच्या कोपऱ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, “एवढा समुद्र समोर पसरलाय आणि तू भिंत काय बघतोस?” तो म्हणायचा, “काही नाही गं.” आणि मान सरळ करायचा.

कोपऱ्यामागून गाडीचं टोक तेवढं दिसायचं. हे मला आज कळत होतं.

त्याचा समुद्रावर जीव होता का? मी त्याला कधी विचारलंच नाही. मग ती पाटी कुणाची? तो गेल्यापासून सहा वर्षं या बाकावर मी कुणाशी बोलत बसले?

गेथिन पाना घेऊन उभा राहिला. “हलवू ना मावशी?”

“थांब.”

“पाटीवर तर समुद्र लिहिलंय.”

“मीच लिहिलंय ते, मला माहितेय. मला विचारू नकोस आता काही.”

त्याने पाना खिशात घातला. “मग सिमेंट ओतू?”

“ओत,” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण खात्री अजिबात नव्हती.

आता रोज तिथे बसते. समुद्र बघायचा तर मलाच मान वाकडी करावी लागते.