सनईच्या नावाखाली चाळीस वर्षं

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो, आणि माझ्या छातीवर जे नाव चिकटवलेलं आहे ते माझं नाही.

लेबलावर सोनेरी अक्षरांत छापलंय, 'मंगल सनई'. पाठीवरही तेच. पण माझ्या अंगावरच्या बारीक चरांत सनईचा एक सूर शोधून सापडणार नाही. तिथं जात्याची घरघर आहे, आणि त्या घरघरीवर तरंगणारा एकोणीस वर्षांच्या एका मुलीचा आवाज आहे:

माझ्या माहेराच्या वाटं बाभळी दाट झाल्या,
येत होत्या सया माझ्या, काटं बघून मागं गेल्या.

कोल्हापुरात १९६८ साली एक सिनेमा निघाला. तो आठवडाभर चालला आणि उतरला. त्यातली दोन गाणी माझ्यावर उतरली. तबकडीच्या कारखान्यात काळा गरम गोळा साच्यात ठेवतात, खालीवर लेबलं ठेवतात आणि दाबतात. त्या दिवशी लेबलांचे दोन ढीग शेजारी शेजारी होते, एक सनईचा आणि एक सिनेमाचा. कामगाराचा हात डावीकडं जायचा तो उजवीकडं गेला. दुसऱ्याच्या पाळण्यात बारसं व्हावं तसं झालं माझं. तबकडीला सांगायला तोंड कुठलं? सुई टेकवली तरच मी बोलणार. सुई उचलली की मुकी.

मला विकत आणलं गडमुडशिंगीच्या केरबा स्पीकरवाल्यानं. त्याला लग्नात लावायला सनई हवी होती. मांडव सजला, लिंबाच्या झाडावर कर्णा बांधला. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, आणि केरबानं मोठ्या मानानं सुई माझ्यावर टेकवली.

मी गायले. जीव ओतून गायले. माहेरची वाट, बाभळी, काटे. नवरीनं जो हंबरडा फोडला तो आवरेना. नवऱ्याचा मामा धावून आला.

"कुणाच्या मयताला आलाईस काय रं?" तो ओरडला, आणि केरबाच्या गालावर दोन ठेवून दिल्या.

केरबानं मला कव्हरात घातलं. फेकून दिलं नाही, कारण त्याला वस्तू फेकवत नसे. पण "अपशकुनी" म्हणून लोखंडी ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि वर चाळीसएक तबकड्या रचल्या. सत्तावीस वर्षं मी त्या तळाशी होते. वरचं झाकण उघडायचं, पण माझ्यापर्यंत कधी उजेड पोचला नाही. पुढं कॅसेटी आल्या आणि ते झाकणही उघडेनासं झालं.

केरबा गेला. त्याच्या मुलानं, बाबासोनं, १९९५ साली नवं घर बांधायला काढलं. ट्रंकेची अडचण झाली, तेव्हा त्यानं ती तशीच उचलून आपल्या मित्राला दिली. हा मित्र म्हणजे गुरुसिद्ध अण्णा. शाहूपुरीत त्यांचं बारदानाचं दुकान, म्हणजे पोत्यांचा व्यापार. दुकानावर लाकडी माडी, आणि माडीवर भिंतभर तबकड्या. सिनेमाच्या गाण्यांचा एवढा मोठा साठा त्या भागात दुसरा नव्हता.

माझ्या जिवात जीव आला. आता हा जाणता माणूस मला लावणार! अण्णांनी मला बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं, लेबल वाचलं आणि म्हणाले, "सनई. असल्या ढिगानं हाईत." खालच्या फळीवर, दाटीवाटीनं, मी पुन्हा उभी.

मित्रांनो, ट्रंकेतली वर्षं बरी होती असं मला वाटू लागलं. तिथं निदान अंधार सगळ्यांना सारखा होता. इथं वरच्या फळीवरच्या माझ्या बहिणी बाहेर जायच्या, गात परत यायच्या, अंगाला सुईची ऊब घेऊन. आणि मी दोन्हीकडून दाबलेली, आवाज गिळून उभी.

त्यात एक गोष्ट झाली, तिनं मला झोप लागू दिली नाही. माडीच्या खाली बायका फाटकी पोती शिवायला बसत. त्यातली एक बायडाबाई. हातात दाभण, मांडीवर पोतं, आणि ओठांत काहीतरी गुणगुणणं. एके दुपारी फळ्यांच्या फटीतून ते वर आलं: बाभळी दाट झाल्या... आवाज आता जाड झाला होता, पण 'मागं गेल्या' म्हणताना तीच लकब, तोच आत ओढलेला श्वास. माझ्या चरांत जो आवाज होता, त्याची धनीण माझ्या पायाखाली बसून पोती शिवत होती! दोघींच्या मध्ये एक लाकडी तक्तपोशी. तिला हाक मारावी म्हणून मी किती तळमळले. पण हाक माझ्या अंगावर कोरलेली होती, आणि ती वाचणारी सुई दहा हात दूर.

अशी तेरा वर्षं गेली.

दर रविवारी माडीवर मंडळ जमायचं. मंडळ कसलं, तीन माणसं: अण्णा, बाबासो आणि वारणानगरच्या डेअरीत नोकरीला असलेला प्रसेनजीत. आमच्याकडं दुकानाची सुट्टी सोमवारी, त्यामुळं रविवारी खाली दाभणं चालू आणि वर वाद चालू. २००८ साली प्रसेनजीतनं एक नवं खूळ आणलं.

"अण्णा, हा पॉडकास्ट. इंटरनेटवरून उतरवून आणलाय."

"म्हंजे रेडिओच की," बाबासो म्हणाला.

"रेडिओ आपल्याला थांबवता येत नाही. हा येतो."

"मग त्या दोघांस्नी जरा थांबव. लई भराभरा बोलत्यात."

पुण्यातली दोन माणसं होती ती. सिनेमाचं संगीत आणि तबकड्या गोळा करण्याचा नाद, एवढ्यावरच दर भागात तासभर गप्पा मारत. मंडळ ते ऐकायचं आणि मग त्यांच्याशी भांडायचं, जणू ते दोघं समोरच बसलेत. त्या रविवारी विषय निघाला कोल्हापूरच्या हरवलेल्या गाण्यांचा. आणि माझं नाव, माझं खरं नाव, मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते म्हणाले, त्या जात्यावरच्या गाण्याची एकही तबकडी कुणाकडं सापडलेली नाही. ओळीसुद्धा कुणाला आठवत नाहीत. गायिका कोण तेही ठाऊक नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा, आम्ही पुढच्या भागात सांगू.

दहा हातांवर होते मी, मित्रांनो!

"मुंबईची कोणतरी असणार," अण्णा म्हणाले. "असलं काम हितल्या गळ्याचं न्हवं."

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. बायडाबाई सुतळीचा गुंडा मागायला वर आली होती.

"मी म्हटलंय ते, अण्णा."

सगळे तिच्याकडं वळले. ती दारातच उभी राहून म्हणाली, "जयंतीच्या कार्यक्रमात गाणी म्हणायचो आम्ही. ती ऐकून शिनेमावाल्यांनी कोरसला नेलंतं. मोठी गाणारी बाई आलीच न्हाय त्या दिवशी. मग मला फुडं केली."

"बायडाबाई, तुमचं नाव कुठं छापलंय काय?" अण्णांनी विचारलं.

"छापलं असतं तर हातात दाभण असतं व्हय?"

बाबासो खो खो हसला. प्रसेनजीत हसला नाही. "अण्णा, मावशींचं नाव कळवू या की."

"पुराव्याबिगर? उद्या दुसरं कोण उठलं तर मंडळाची शोभा हुईल. आवाज ऐकल्याशिवाय मी मानत न्हाय." अण्णा वाईट मनाचे नव्हते. पण त्यांना माणसापेक्षा तबकडीवर जास्त भरवसा.

बायडाबाईनं गुंडा घेतला आणि खाली गेली. त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं. खालून नुसता दाभणाचा आवाज यायचा, गोणपाटातून खसकन आत, खसकन बाहेर. पुरावा वर फळीवर उभा होता, आणि तरी पुराव्याअभावी ती मुकी झाली होती. दोघी सारख्याच झालो.

आणि मग माझा शेवट ठरला. अण्णांची मुलगी विद्याश्री जुन्या तबकड्यांची भिंतीवरची घड्याळं करायची. तबकडीच्या मधलं भोक ड्रिलनं मोठं करायचं, यंत्र बसवायचं, वर आकडे रंगवायचे. तिला प्रदर्शनासाठी माल हवा होता.

"खालच्या फळीवरच्या सनया घे," अण्णा म्हणाले. "त्यास्नी कोण इचारतंय?"

पुढच्या रविवारी माडीच्या गॅलरीत तिनं टेबल मांडलं. आम्ही तेरा सनया होतो, म्हणजे बारा सनया आणि मी. ड्रिल घरघरू लागलं. एकेक बहीण घड्याळ होऊन भिंतीला टेकत होती. खोलीत मंडळ बसलं होतं, दार उघडं होतं. बाबासोनं गॅलरीत डोकावून बघितलं आणि लागला हसायला.

"सनई दिसली की मला आमच्या बाचा गाल आठवतोय बघा."

"सांगितलाईस शंभरदा," अण्णा म्हणाले.

"प्रसेनजीतला कुठं सांगितलाय? अवो, आमच्या बानं लग्नात सनई लावली आणि आतनं रडकी बाई निघाली! हिकडं अक्षता पडत्यात आणि ही बया बाभळी मोजतीया. वाटंवर बाभळी दाट झाल्या म्हणं!"

प्रसेनजीत पोट धरून हसला. विद्याश्रीनं हसत मला उचललं आणि ड्रिल माझ्या भोकात घातलं. त्याचा दाह माझ्या एका बाजूला लागला. माझ्या पोटात असलेलं जात्याचं घरघरणं आणि हे घरघरणं, दोन्ही एकच वाटू लागलं.

"फुडं काय हुतं?"

बायडाबाई जिन्यात उभी होती. डोक्यावर शिवलेल्या पोत्यांची थप्पी. तिच्या आवाजात असं काही होतं की हसू तिथंच थांबलं.

"फुडं कुठलं? फुडं थोबाडीत बसली," बाबासो म्हणाला.

बायडाबाईनं थप्पी खाली ठेवली. "येत होत्या सया माझ्या," ती गायली नाही, नुसतं म्हणाली, "काटं बघून मागं गेल्या. हेच न्हवं?"

बाबासो पुढं सरकला. "हेच की. मी तवा मांडवातच हुतो. पर तुमाला कसं..."

अण्णा ताडकन उठले. "ती सनई ट्रंकेत हुती? बाबासो, तुझ्या ट्रंकेत?" आणि उत्तराची वाट न बघता गॅलरीत धावले. "विद्या! ड्रिल बंद कर!"

ड्रिल थांबलं. माझं भोक एका अंगाला खाल्लं गेलं होतं.

पण तेरा जणींच्या लेबलावर एकच नाव. मग त्यांनी एकेक लावायला घेतली. पहिली लावली, सनई. दुसरी, सनई. घड्याळाचं यंत्र काढून तिसरी लावली, तीही सनई. रस्त्यावरनं कुणीतरी ओरडलं, "अण्णा, विद्याचं लगीन ठरलं काय?" अण्णांनी पुढची लावली. सातवी मी.

मी फिरू लागले, पण भोक वाकडं झाल्यानं झोके खात. आवाज वर जाई, खाली येई, पाण्यात पडलेल्या सावलीसारखा मोडे. अण्णांनी कपाळावर हात मारला. बायडाबाई पुढं झाली. तिनं कमरेचा सुतळीचा तुकडा काढला, पोत्याचं तोंड आवळावं तसा प्लेअरच्या मधल्या खिळ्याला नेमका गुंडाळला आणि मला त्यावर घट्ट बसवलं.

"आता लावा."

चाळीस वर्षांनी मी सरळ गायले. ती उभ्यानं ऐकत राहिली. प्रसेनजीतनं डोळे पुसले, बाबासोनंही. तिनं नाही. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाली, "तवा दम पुरत हुता बघा."

"बायडाबाई," अण्णांनी हात जोडले, "चुकलं माझं."

पॉडकास्टच्या पुढच्या भागात पुण्याच्या त्या दोघांनी तिचं नाव सांगितलं. आडनावासकट, गावासकट. मंडळानं तो भाग तिच्यासमोर दोनदा लावला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मित्रांनो, मी आता मोलाची झाले होते. अण्णांनी माझ्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं. आत मखमल, बाहेर कुलूप. लांबून माणसं यायची, काचेला नाक लावून बघायची, माना डोलवायची. लावायचं कुणी नाव काढत नसे. ट्रंकेत मला अपशकुनी म्हणून कोंडलं होतं, फळीवर फालतू म्हणून, आणि आता दुर्मीळ म्हणून. मान वाढला, पण सुई काही जवळ आली नाही.

पाच महिन्यांनी एका रविवारी बायडाबाई वर आली. कपाटासमोर थांबली.

"अण्णा, लावा की एकदा. नातीला आणलीया."

"बायडाबाई, एकच हाय ही. दर वेळी सुई थोडं खातीच. झिजंल वो."

"झिजू दे की," ती म्हणाली. "मी न्हाय व्हय झिजली? गाणं काय लोणचं हाय, ठिवून ठिवून मुरायला?"

अण्णांनी एकदा नातीकडं बघितलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली.

मित्रांनो, तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, काचेआड आमच्यातलं कुणी असेल. आम्हांला पुसा, उन्हापासून जपा, वर ओझं ठेवू नका. पण एवढ्यावर थांबू नका. लेबल वाचून आम्ही कोण ते ठरवू नका, आणि जपायच्या नावाखाली आम्हांला मुकं करू नका. आम्हांला लावा. दर फेऱ्याला मी थोडी कमी होते हे खरं आहे. पण त्या दुपारी सुई खाली आली, बायडाबाईची नात आजीकडं बघून म्हणाली, "आज्जे, ही तू?", आणि मी कमी झाल्याचं मला काही वाटलं नाही.