उघड्या डोळ्यांची प्रार्थना

मी आरसा बोलतोय. सोनईच्या शलमोनबाबांच्या घरी, पुढच्या खोलीत, गेली अकरा वर्षं मी टांगलेला आहे. त्यांच्या मुलाने, जोसेफने, लग्नाच्या वेळी मला नेवाशाच्या बाजारातून आणलं. त्याची बायको सिल्व्हिया घरात आली आणि तिने माझ्यात बघून पदर सारखा केला, ती आमची पहिली भेट.

माणसं माझ्यासमोर फार वेळ थांबत नाहीत. केस विंचरतात, दात बघतात, जातात. सिल्व्हिया मात्र थांबायला लागली. तिच्या मुलीला, रोझीला, जन्मापासून ऐकू येत नाही. सिल्व्हिया मोबाईलवर हातांच्या खुणा बघायची आणि माझ्यासमोर त्या पुन्हा पुन्हा करायची. येशू म्हणजे एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळहातावर टेकवायचं, मग उलट, खिळ्यांच्या जागी. मेंढरू, होडी, वादळ. चुकली की स्वतःवरच हसायची. मग रोझीला समोर सतरंजीवर बसवून त्याच खुणांनी शास्त्रातल्या गोष्टी सांगायची.

या घरात रोज संध्याकाळी प्रार्थना होते. सगळे डोळे मिटतात, हात जोडतात आणि एकेक जण मोठ्याने देवाशी बोलतो. रोझीलाही तसंच बसायला शिकवलं होतं. डोळे मिटले की तिला काही कळत नाही आणि हात जोडले की काही बोलता येत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा नंबर आला की बाबा आमेन म्हणून मोकळे व्हायचे. मला सगळं दिसायचं, पण आरशाला सांगता कुठे येतं?

गेल्या डिसेंबरात नऊ वर्षांच्या रोझीने आईला खुणेने विचारलं, "सगळे देवाशी बोलतात. माझा नंबर कधी?"



त्या संध्याकाळी रोझीने डोळे मिटलेच नाहीत. ती माझ्यात बघून मागे बसलेल्यांचे हलणारे ओठ न्याहाळत होती. बाबांनी प्रार्थना मध्येच तोडली.

"डोळं उघडं ठिवून प्रार्थना करत्यात व्हय? देवाचा काही धाक हाय का न्हाई?"

"पन बाबा, तिचं डोळं उघडं हायेत हे तुमाला कसं दिसलं?" सिल्व्हिया हळूच म्हणाली.

जोसेफने हसू खोकल्यात दडवलं. बाबा हसले नाहीत.

"तिचं बोलनं हातात हाय, बाबा. ऐकनं डोळ्यात. आपुन दोन्ही बंद करून ठिवलंय."

बाबांनी जोडलेले हात सोडले. "बोल म्हनावं तिला. आमी बघतो."

रोझी उभी राहिली. तिचे हात न अडखळता चालू लागले. सगळ्यांचे डोळे उघडे असलेली प्रार्थना मी त्या खोलीत पहिल्यांदाच पाहिली. प्रार्थना संपली तरी बाबा बघतच होते. रोझीने त्यांच्या गुडघ्याला हात लावला, तेव्हा ते आमेन म्हणाले.

"काय मागितलं गं तिनं?" त्यांनी सिल्व्हियाला विचारलं.

"ते तिलाच विचारा की."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा एकटेच माझ्यासमोर आले आणि येशूची खूण करू लागले. नागापूरच्या कारखान्यात त्यांचं मधलं बोट अर्धं गेलंय. ते थोटं बोट तळहाताच्या मधोमध पोचेना. शाळेतून आलेल्या रोझीने ते बघितलं. दप्तर न काढताच तिने त्यांचं बोट धरलं आणि तळहातावर नीट टेकवलं.

बाबांनी वर बोट दाखवलं, मग तिच्याकडे, आणि भुवया उंचावल्या. ती सावकाश हात हलवून सांगू लागली. त्यांना कळेना. तिने पुन्हा सांगितलं. उद्याही माझा नंबर येऊ दे, एवढंच तिने देवाकडे मागितलं होतं.

बाबांनी मान हलवली. मग तोंड फिरवून खिडकीपाशी गेले.

आता माझा पारा कडेने उडालाय. जोसेफ नवा आरसा आणणार म्हणतो. जरूर आणावा. माझी एवढीच विनंती आहे, तो थोडा खाली लावा, रोझीच्या उंचीला. तिच्या मागे बसून खुणा करणाऱ्यांचे हात तिला दिसले पाहिजेत.