अण्णांच्या मागून सहा किलोमीटर

कुरुंदवाडच्या रविवारच्या चालणाऱ्या मंडळात सोमलिंग काही तब्येतीसाठी आला नव्हता. तब्येत केव्हाच हाताबाहेर गेली होती. तो आला होता थोरल्या भावासाठी. प्रभुलिंगअण्णा या मंडळाबरोबर चालतात, हे त्याला दूधवाल्याकडून कळलं. सख्ख्या भावाची खबर हल्ली दुधाबरोबरच यायची.

अकरा वर्षांचा अबोला. सोमलिंगच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांची एकेचाळीस नावं होती. त्यांत दोघे तर वारलेले. अण्णा नव्हते. चूक छापखान्याची, असं सोमलिंग सांगे. कच्ची पत्रिका मात्र त्यानेच तपासली होती.

ऊन लख्ख पडलेलं आणि थंडी कानाला चावत होती. माफलर गुंडाळलेली पंधरा माणसं नदीकाठाने निघाली. पुढे शिट्टी घेऊन पीटीच्या निवृत्त बाई, वर्षाराणी.

"चला की! वरातीत आलाय व्हय?"

सोमलिंग अण्णांच्या दहा पावलं मागे. अण्णा बुटाची नाडी बांधायला थांबले की हाही थांबे आणि बगळे बघे. बगळे नव्हते.

न्याहारीला त्याने डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. अण्णांना आवडते म्हणून बायकोने, शिवम्माने, पहाटे उठून केलेली. "वहिनींच्या हाताला चव हाय!" म्हणत मंडळाने डबा फिरवला. अण्णांपर्यंत तो आला तेव्हा एकच भाकरी उरली होती. अण्णांनी ती नीट बघितली आणि डबा शेजाऱ्याकडे सरकवला. शेजाऱ्याने ती खाल्ली.

परतीला अरुंद बांध लागला. एकीकडे ऊस, दुसरीकडे पाण्याचा पाट. सोमलिंग मुद्दाम पुढे गेला आणि वळून मधोमध उभा राहिला. इथं तरी बोलावंच लागेल.

अण्णा आले. थांबले.

"अण्णा, ती पत्रिका..."

"पावणं," अण्णा म्हणाले, परगावच्या माणसाला म्हणावं तितक्या अदबीने, "जरा सरता का? वाट द्या की."

सोमलिंग पाटात उतरला. पाणी गार होतं.

घरी शिवम्माने आधी भिजलेले बूट पाहिले.

"बोललं काय थोरलं भावजी?"

"बोललं की."

"काय म्हणालं?"

"वाट मागितली."

"मग?"

"दिली."

तिने डबा उघडला. आत चटणीचा कणही नव्हता. तिचा चेहरा उजळला. "भाकरी खाल्ली न्हवं त्यांनी?"

"सगळी संपली," सोमलिंग म्हणाला, आणि बूट उन्हात ठेवायला बाहेर गेला.